दाब, धर, सोड

काकूचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड आहे. चपला घ्यायला गेली की ती फक्त उजवी घालून बघते. उजवी बसली की डावी बसणारच. हा पाय काही तिला जन्मानं मिळालेला नाही, धंद्यानं दिलाय. लग्नानंतर पाचव्याच दिवशी मिस्तरीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिला एका ट्रकच्या सीटवर चढवलं, पॅडल दाखवलं आणि सांगितलं, "मी दाब म्हटलं की दाबायचं. धर म्हटलं की धरायचं. सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. एवढं जमेल ना?" जमलं की. तीस वर्षं झाली, अजून जमतंय.

मिस्तरी फक्त ब्रेकचं काम करतो. इंजिनाला हात लावत नाही, रंगाच्या भानगडीत पडत नाही. आणि ब्रेकचं काम एकट्याचं नसतं, त्याला दोघं लागतात. पॅडलपासून चाकापर्यंत नळीत ऑइल भरलेलं असतं. त्यात हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी पॅडल भसकन आत जातं आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला एक माणूस गाडीखाली लागतो आणि एक पॅडलवर. वरच्यानं दाबून धरायचं, खालच्यानं चाकामागचं निपल पान्यानं सैल करायचं, हवा बाटलीत फसफसली की निपल आवळायचं, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. घाई करून आधी उचलला तर नळी बाहेरची हवा परत आत ओढते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

पहिल्या वर्षी काकूनं तीनदा पाय आधी उचलला. पहिल्यांदा शिवी आली, दुसऱ्यांदा चपराक. तिसऱ्यांदा गाडीखालून पाना भिरकावला गेला, तो उघड्या दारातून येऊन भुवईवर बसला. डोळा थोडक्यात वाचला. रक्त पुसून ती पुन्हा सीटवर जाऊन बसली, कारण एका चाकाची हवा काढायची राहिली होती.

पुढं पाय चुकायचा थांबला, मार काही थांबला नाही. चाकाचा गंजलेला ड्रम निघता निघत नसला की मिस्तरी त्याच्यावर हातोडीचे घाव घालायचा, आणि ड्रम निघाला की उरलेला राग घरात आणायचा. चहा गार झाला म्हणून मारलं, गरम होता म्हणून मारलं. दोन दात गेले, एक बरगडी गेली. लोक म्हणतात, जाऊ द्या हो, जुनी माणसं तापट असायची. तापट कसली डोंबलाची? गिऱ्हाइकावर कधी तापला नाही तो. गिऱ्हाईक समोर आलं की तोंडात साखर, आणि गिऱ्हाईक गेलं की हातात पट्टा. शेजारचा वेल्डर आणि पलीकडचा टायरवाला, दोघांनाही सगळं ऐकू जायचं. दोघंही मूग गिळून बसायचे.

सात-आठ वर्षांपूर्वी त्याचा खांदा धरला, हात डोक्याच्या वर जाईना, तेव्हापासून मारायचं बंद झालं. तो सुधारला असं म्हणणाऱ्याचं तोंड मला बघायचंय. खांदा सुधारला असता तर कळलं असतं.

पण काम मात्र शिकली ती. शिकली म्हणजे कुठवर, तर पॅडल दाबलं की सांगायची, मागच्या डाव्याला हवा आहे. मिस्तरी खालून म्हणायचा, नाही, काढलीय मी. आणि काढायला गेला की निघायची. गाडी तयार झाली की शेवटी तिचा पाय पडल्याशिवाय दारातून बाहेर जात नव्हती. गिऱ्हाइकं येऊन विचारायची, काकूंनी दाबून बघितलं का? मग मिस्तरीचं तोंड आंबट व्हायचं. तीस वर्षांत काकूच्या पायाखालून गेलेल्या एकाही गाडीनं कुणाला मारलेलं नाही. हे ती कुणाला सांगत नाही, पण तिला ते माहीत आहे.

त्यांना एकच मुलगी. बसक्या नाकामुळं लहानपणी तिला नकटी म्हणायला लागले ते तसंच राहिलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. हिच्या लग्नाला एकही आलं नाही, आलं असतं तर उपकार झाले असते. जावई ट्रकवाला. चार ट्रक, डोंगरापलीकडं खडी भरायला जाणारे. बोलायला गोड, हसायला मोकळा, मामा-मामी म्हटल्याशिवाय वाक्य पुरं करायचा नाही. काकूला तो पहिल्या दिवशीच ओळखीचा वाटला होता, पण कुणासारखा ते तिला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी तिला विचारलं कुणी होतं?

त्या जावयानं तीन आठवड्यांपूर्वी एक जुनी गाडी ट्रकला दोर बांधून ओढत आणली. साठ वर्षांची गाडी, गोल मोठे दिवे, पुढं चकचकीत जाळी, फुगीर मडगार्ड. कुणाच्या तरी शेडमध्ये वीस वर्षं पडून होती. "मामा, नवी गाडी काय, कुणीही घेतं," तो दिव्यावरून हात फिरवत म्हणाला. "हिला फक्त ब्रेक द्या. बाकी सगळं मी बघतो." त्या काचेवरून त्याचा हात ज्या मायेनं फिरत होता ते बघून काकूला बरं वाटलं. वस्तू जपतो, माणूसही जपत असेल. किती भोळं असावं माणसानं.

मिस्तरी त्या गाडीत रमला, हे मात्र खरं. चारही ड्रम गंजून बसले होते, ते त्यानं दोन दिवस रॉकेल पाजून, घाव घालून सोडवले. आतल्या पट्ट्यांचं अस्तर हाताला लागताच गळून पडलं. नळ्या जागोजाग खाल्लेल्या, सिलिंडरमध्ये ऑइलाचा चिकट गूळ झालेला. त्यानं सगळं खाली काढलं. सिलिंडर आतून घासून आरशासारखे केले, नवं अस्तर रिव्हेटनं ठोकलं, नव्या नळ्या गुडघ्यावर वाकवून जुन्यांच्या वळणाबरहुकूम बसवल्या. रबरं मात्र तो ब्रेक ऑइलातच बुडवून धूत होता, आणि नेहमीचं वाक्य म्हणत होता, "रबर म्हणजे तान्हं मूल. ब्रेक ऑइलाशिवाय दुसरं काही पोटात गेलं की फुगलं आणि फाटलं." हे वाक्य काकूनं हजारदा ऐकलं होतं.

बुधवारी दुपारी नकटी रिक्षातून उतरली. डावा हात प्लॅस्टरमध्ये, ओठ सुजून फाटलेला, आणि बरोबर एकच पिशवी.

"जिन्यावरून पडले," ती म्हणाली.

काकूनं तिला आत नेलं आणि अंघोळ घालायला बसवलं, कारण एका हातानं तिला जमत नव्हतं. पाठ उघडी केली तर काळेनिळे आडवे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी एक चौकोनी ठसा. जिन्याला बक्कल नसतं. काकूनं कोमट पाणी ओतलं. सांगायला लागेल असं काय होतं त्यात, दोघीही त्याच शाळेतल्या.

त्याच संध्याकाळी जावयाचा फोन आला, मिस्तरीला. काकू शेजारीच उभी होती, तिला शब्द न् शब्द ऐकू आला. "मामा, रविवारी दहाला येतो. गाडी आणि बायको, दोन्ही एकदमच घेऊन जातो. जरा समजावा तिला, तोंड फार चालतं."

मिस्तरीनं फोन ठेवला. काकूला वाटलं आता भांडी आपटतील, शिव्या येतील. काही नाही. तो जेवला, हात धुतले आणि झोपला. गुरुवारी गप्प, शुक्रवारी गप्प, शनिवारीही गप्प. ज्या माणसाचा आवाज तीन दुकानं ऐकत होती तो तीन दिवस शब्द बोलला नाही, आणि काकूचा जीव टांगणीला लागला. आरडाओरड करणारा मिस्तरी तिला ठाऊक होता. हा गप्प बसणारा तिच्या ओळखीचा नव्हता. आणि नकटी कोपऱ्यात बसून एका हातानं पिशवीतले कपडे काढायची, घड्या घालायची, परत भरायची. ती जाणार की राहणार, हे एकच काकूला हवं होतं, आणि तेवढंच विचारायची हिंमत तिच्यात नव्हती. पाठीवरचे ते ठसे तिनं मोजले नव्हते, पण पुढच्या वेळी पोरगी रिक्षातून उतरायला उरणार नाही एवढं तिला कळत होतं.

रविवारी सकाळी आठला मिस्तरीनं हाक मारली, "चल. हवा काढायची आहे."

गाडी चारी बाजूंनी लोखंडी घोड्यांवर उचललेली होती. काकू पुढं होऊन बॉनेट उघडायला गेली, कारण तिथल्या डबीत ब्रेक ऑइल भरायचं काम तिचंच. मिस्तरी म्हणाला, "राहू दे. आज मी भरलंय." तिला नवल वाटलं. तीस वर्षांत याला कधी ती डबी कुठं असते हे बघायची गरज पडली नव्हती, आज काय एवढं? पण ती सीटवर जाऊन बसली.

"दाब."

दाबलं.

"धर."

धरलं. खाली बाटलीत फसफस झाली.

"सोड."

मागचं डावं झालं, मागचं उजवं झालं. दोन चाकांनंतर डबीतलं ऑइल उतरतं, ते पुन्हा भरावं लागतं, नाहीतर वरूनच हवा आत जाते. मिस्तरी पुढच्या चाकाकडं सरपटत होता. काकू सवयीनं उतरली, बॉनेट उघडलं, डबीचं झाकण फिरवलं.

वर तवंग होता. डबीच्या कडेनं रंगीत कडं धरलेला, आमटीवर तेलाचा असावा तसा. ब्रेक ऑइलात तवंग नसतो. तिनं बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. इंजिन ऑइल. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर चूक म्हणता आली असती. हा माणूस झोपेतही ही चूक करणार नाही. दोन-चार दिवस ब्रेक दगडासारखा लागेल, आणि मग रबरं फुगून फाटतील. डोंगराचा उतार तर रोजच्याच रस्त्यावर.

बघा म्हणजे, एवढा हुशार माणूस, सगळं ठरवलं, सगळं जुळवलं, आणि एकच गोष्ट विसरला. पॅडलवर बसणाऱ्या बाईला डोळे आहेत आणि ती डबीत बघते. तीस वर्षं त्यानं तिचा फक्त पाय पाहिला होता.

काकू सीटवर येऊन बसली. पाय पॅडलवर ठेवला नाही.

"दाब," खालून आवाज आला.

ती बसून राहिली.

"दाब म्हणतोय ना. कान फुटले का?"

"डबीत काय घातलंय?" काकू म्हणाली.

खाली पान्याचा आवाज थांबला. मग मिस्तरी गाडीखालूनच बोलायला लागला, हळू, जणू निपलाशीच बोलतोय. "उद्यापासून हीच गाडी फिरवणार आहे तो. रोज डोंगर उतरतो. एकटाच असतो. आपण काही केलेलं नाही. जुनी गाडी आहे, जुन्या गाडीचं काय सांगता येतं?"

"आणि पोरगी शेजारी बसली तर?"

"ती जात नाही."

"तिला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? मी सांगतोय ना, जात नाही."

"मी जाणार आहे," दारातून आवाज आला. नकटी उभी होती, खांद्याला पिशवी लावून. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिनं सगळं ऐकलं होतं, पण आवाज सरळ होता. "हे असलं काही करू नका बाबा. आज ना उद्या मला जायचंच आहे. मारतात, मग गप्प होतात, मग चार दिवस बरे जातात. तुम्ही नाही का मारायचात? मी मागच्या सीटवर बसून बघायची. आई राहिलीच ना? आता सगळं बरंच आहे ना तुमचं?"

तीस वर्षं काकूला वाटत होतं की तिनं सोसलं म्हणून घर टिकलं, पोरीला बाप राहिला. आणि पोरीनं त्यातून हे उचललं होतं. खाण तशी माती म्हणतात, ते तिनं स्वतःच्या हातानं खणून ठेवलं होतं.

मिस्तरी गाडीखालून बाहेर आला. एवढ्या चपळाईनं तो कित्येक वर्षांत निघाला नव्हता. तोंड लाल, हातात तोच पाना. "माझ्याशी बरोबरी करतेस त्याची? माझ्याशी?" म्हणत तो लेकीच्या अंगावर गेला. खांदा धरलेला होता तरी हात पोरीच्या तोंडापर्यंत जाईल इतका उचललाच त्यानं. आणि नकटीनं काय केलं? पळाली नाही, ओरडली नाही. प्लॅस्टरचा हात पुढं धरून डोळे मिटून घेतले. शिकलेली होती ती.

जॅकची दांडी सीटजवळच टेकवलेली असते. काकू सीटवरून उतरली कधी आणि दांडी उचलली कधी हे तिला नंतरही सांगता येईना. दोन्ही हातांनी धरून तिनं ती मिस्तरीच्या मनगटावर घातली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. पाना फरशीवर पडून दूर घरंगळत गेला आणि मिस्तरी गुडघ्यावर आला.

"अहो, बसा आता," काकू म्हणाली. मग लेकीकडं वळली. दांडी तिनं सोडली नव्हती. "मी राहिले हे तू बघितलंस. आता हेही बघून ठेव. हे मी पहिल्या वर्षीच करायला हवं होतं. नाही केलं, ती माझी चूक. त्या चुकीवर तू घर बांधू नकोस."

नकटी खाली बसली आणि रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरासारखी. बुधवारपासून ती पहिल्यांदा रडत होती. मिस्तरी मनगट छातीशी धरून बसला होता आणि बायकोकडं असा बघत होता, जणू ही बाई दुकानात आत्ताच आली आहे.

जावई दहाला येणार होता, तो साडेनऊलाच आला. इस्त्रीचे कपडे, डोळ्याला काळा चष्मा. आधी गाडीकडं गेला, मग माणसांकडं. "झाली का मामा? अजून घोड्यांवरच आहे की." मग मिस्तरीचा हात पाहिला, काकूच्या हातातली दांडी पाहिली आणि हसला. "वा. म्हातारपणी हे सुरू केलंत? चल गं, पिशवी घेतलीस ना?"

"मी येत नाही," नकटी म्हणाली.

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला, सावकाश. मग तिचा प्लॅस्टरचा हात धरला आणि मुरगाळला. ती किंचाळली. मिस्तरी एका हातानिशी त्याच्यावर धावून गेला. जावयानं त्याला एका धक्क्यात आडवा केला आणि लाथा घालायला लागला. बरगड्यांत, पोटात, मोडलेल्या हातावर. तोंडानं एक शब्द नाही, नुसता बुटाचा आवाज. मिस्तरीच्या नाकातून रक्त आलं, तरी तो जावयाचा पाय धरून राहिला, म्हणजे तेवढा वेळ पोरीकडं जायला नको. काकूनं दांडी उचलली, जावयाच्या डोक्याकडं पाहिलं, आणि वळून गाडीच्या डाव्या दिव्यावर घातली.

काच खळकन फुटली. जावई थांबला. बायकोचा हात मोडताना जो थांबला नव्हता, सासऱ्याला तुडवताना थांबला नव्हता, तो काच फुटल्याबरोबर वळला. त्याच्या तोंडून असा आवाज निघाला जणू त्यालाच कुणी भोसकलंय. नकटी ते बघत होती. काकूनं तिच्या डोळ्यांदेखत दुसरा दिवाही फोडला, मग पुढची जाळी. "वस्तू जपता तुम्ही, जावईबापू," ती म्हणाली.

तो तिच्यावर झेपावला, पण तेवढ्यात वेल्डर आणि टायरवाला दोघंही आत शिरले. एवढ्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा उंबरा ओलांडायचं सुचलं होतं. उशीर झाला, पण आले. दोघांनी जावयाला मागून आवळून धरलं. तो हातपाय झाडत होता, थुंकत होता, गाडी खाली उतरवा म्हणत होता, आत्ताच्या आत्ता घेऊन जातो, परत तोंड बघणार नाही तुमचं.

आता काकूला गप्प बसता आलं असतं. उरलेल्या दोन चाकांची हवा काढून, गाडी खाली उतरवून, जा बाबा म्हणता आलं असतं. चार दिवसांनी बातमी आली असती. तिनं मिस्तरीकडं पाहिलं. तो जमिनीवरून तेच सांगत होता, तोंडानं नाही, डोळ्यांनी.

"ही गाडी चालवू नका," काकू जावयाला म्हणाली. "ब्रेकमध्ये इंजिन ऑइल आहे. दोन-चार दिवसांत फसेल. नळ्या, रबरं, सगळं परत काढावं लागेल."

जावई झाडायचा थांबला. ट्रकवालाच तो, त्याला अर्थ कळायला वेळ लागला नाही. "मला मारणार होतात तुम्ही?"

"हो," मिस्तरी खालून म्हणाला.

"पोलिसात जातो. सगळ्यांना आत घालतो. नाहीतर हिला मुकाट्यानं पाठवा माझ्याबरोबर, मी तोंड उघडत नाही." तो पुन्हा हसायला लागला होता. सौदा त्याला दिसला होता.

काकूनं लेकीकडं पाहिलं. एकीकडं तिचा बाप तुरुंगात जात होता, दुसरीकडं तिचा स्वतःचा जीव. आई कुणाच्या वतीनं बोलणार? नकटीनं फाटका ओठ पुसला. पिशवी उचलली, आत कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि परत आली. "चला पोलिसात," ती म्हणाली. "मलाही लिहून द्यायचंय."

मिस्तरी उठून बसला, डाव्या हातानं गाडीचा मडगार्ड धरून उभा राहिला. "चला," तोही म्हणाला.

चौकीत लिहून घेणारा शिपाई तरुण होता. समोरच्या बाकावर एक हात प्लॅस्टरमध्ये, एक हात दुकानातल्या फडक्यात गुंडाळलेला, आणि बाजूला इस्त्रीचे कपडे फाटलेला माणूस, हे बघून त्यानं पेन खाली ठेवलं. "नेमकी कुणाची तक्रार कुणावर आहे?"

जावई आधी बोलला, भरपूर बोलला. शिपायानं मिस्तरीला विचारलं, हे म्हणतात ते खरं आहे का? मिस्तरी म्हणाला, "खरं आहे. ऑइल मीच घातलं. बायकोनं सांगून टाकलं म्हणून हा जिवंत आहे." मग नकटीची पाळी आली. हात कशानं मोडला? "जिन्यावरून," असं तिच्या तोंडून निघालं, मग ती थांबली, आणि म्हणाली, "नवऱ्यानं मोडला. पाठीवर पट्ट्याचे वळ आहेत. बाई पोलीस असतील तर दाखवते."

शिपाई लिहीत गेला. मग पेनानं मिस्तरीच्या फडक्याकडं खूण केली. "आणि यांचा?"

"मी मोडला," काकू म्हणाली. "जॅकच्या दांडीनं. पोरीवर हात उचलला होता त्यांनी."

"तुमच्यावर उचलला होता का? याआधी कधी?"

काकूला तारखा येत नव्हत्या. गाड्या येत होत्या. कुठल्या दिवशी काय झालं हे तिला दुकानात तेव्हा कुठली गाडी उभी होती त्यावरून आठवायचं. तिनं तसंच सांगायला सुरुवात केली. पाण्याचा टँकर आला होता तेव्हा कानाखाली, त्या कानानं अजून कमी ऐकू येतं. लाल जीप होती तेव्हा पट्टा, तेव्हा नकटी पोटात होती. मग शाळेची बस. मग ती निळी व्हॅन, तेव्हा हे दोन दात.

"पांढरी," बाकावरून आवाज आला.

शिपायानं वर पाहिलं. मिस्तरी मान खाली घालून बसला होता, फडक्यातून रक्त गुडघ्यावर उतरत होतं.

"व्हॅन पांढरी होती," तो म्हणाला. "निळी त्याच्या पुढच्या वर्षी. निळीच्या वेळी बरगडी."

त्याला आठवत नाही, असं काकू तीस वर्षं समजून होती. रागात माणसाला भान राहत नाही, सकाळी त्याला काही आठवत नाही. सकाळी उठून ती त्याला चहा द्यायची ती याच एका समजुतीवर. आणि त्याला गाडीचा रंगसुद्धा आठवत होता.

"पांढरी लिहा," ती शिपायाला म्हणाली, आणि पुढची गाडी सांगायला लागली.